संगणकांतील दप्तराची नक्कल व तिची रुजवात

सहकारी संस्थेचें दप्तर म्हणजे कीर्द, खतावणी, सभासदांचें रजिस्टर व कर्जरोख्यांचीं बाडें, ही समजूत आतां पुष्कळ अंशीं मागें पडली आहे. दूध संस्थेंत सकाळीं घातलेल्या दुधाचें माप व फॅट, साखर कारखान्याच्या कांट्यावर झालेलें उंसाचें वजन, विविध कार्यकारी सोसायटींतील पीककर्जाची बाकी, हें सर्व संगणकांत नोंदलें जातें. केंद्र सरकारनें इ. स. २०२२ च्या जून महिन्यांत देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आणि महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा इ. स. २०१८ च्या मे महिन्यापासून मिळूं लागला.

तेव्हां ज्या दप्तरावर शेतकऱ्याचें देणेंघेणें अवलंबून आहे, तें लाकडी कपाटांतून निघून तळहाताएवढ्या डिस्कमध्यें जाऊन बसलें आहे. ती डिस्क बिघडली, जळाली किंवा कोणाच्या हातून पुसली गेली, तर कर्ज फेडल्याचा पुरावा कोठून आणावयाचा? ज्यानें पावती जपून ठेविली असेल तो निभावून जाईल; परंतु दहा वर्षांच्या पावत्या जपणारे खातेदार गांवांत किती निघतील, हें आपण सर्व जाणतों. म्हणून या दप्तराची नक्कल, जिला बॅकअप म्हणतात, ती कशी घेतात व ती खरी आहे हें कसें ओळखावें, याची माहिती या लेखांत द्यावयाची आहे. संस्थेच्या संचालकानें स्वतः संगणकापुढें बसावें असा हेतु नाहीं. विहीर खणणारा गडी निराळा असला तरी पाणी किती हातांवर लागलें हें मालकास समजावें लागतें; तेवढेंच ज्ञान येथें अभिप्रेत आहे.

नुसती फाइल उचलून कां भागत नाहीं

संगणकांतील अशा मोठ्या दप्तरास डेटाबेस म्हणतात. तो सांभाळणारीं सॉफ्टवेअरें अनेक आहेत. त्यांपैकीं फुकट वापरतां येणारीं व सर्वत्र पसरलेलीं दोन म्हणजे पोस्टग्रेसक्यूएल व मायएसक्यूएल. पहिल्याचें मूळ अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, इ. स. १९८६ मध्यें सुरू झालेल्या एका प्रकल्पांत आहे, दुसरें इ. स. १९९५ मध्यें स्वीडनमध्यें निघालें. दोहोंतहि माहिती तक्त्यांच्या रूपानें असते: एक तक्ता सभासदांचा, एक कर्जांचा, एक वसुलाचा, याप्रमाणें.

डेटाबेसची नक्कल म्हणजे त्याच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरून घेणें, असा पुष्कळांचा समज आहे. तो घातक आहे. समजा, कारकून सकाळपासून खतावणी लिहीत आहे, आणि दुसरा मनुष्य त्याच खतावणीचीं पानें एकामागून एक उतरून घेत आहे. पहिलें पान त्यानें दहा वाजतां उतरलें व शेवटचें चार वाजतां. मधल्या वेळांत पहिल्या पानावरील खात्यांतून रक्कम निघून शेवटच्या पानावरील खात्यास जमा झाली. आतां नकलेंत पहिलें पान जुनें व शेवटचें नवें. ती रक्कम दोन्हीकडे दिसते आणि बेरीज कधींच जुळत नाहीं. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलल्या म्हणजे हेंच होतें. कधीं कधीं तर अर्धवट लिहिलेलें पानच हातीं येतें व ती नक्कल उघडतहि नाहीं. यास्तव एक तर डेटाबेस पूर्ण बंद करून फायली उचलाव्या, किंवा तो चालू असतां नक्कल घेण्यासाठीं जीं साधनें मुद्दाम केलेलीं आहेत तीं वापरावीं. रात्रंदिवस चालणाऱ्या दप्तरास दुसराच मार्ग बरा.

आज्ञा लिहून नक्कल घेण्याची रीत

हीं साधनें बहुधा चित्रांवर बोट दाबून चालविण्याचीं नसतात. पडद्यावर एक ओळ टाइप करावयाची व संगणकानें ती पाळावयाची, अशी रीत आहे. तिला कमांड लाइन म्हणतात. ती प्रथमदर्शनीं अवघड वाटते, परंतु तिचे तीन मोठे फायदे आहेत. पहिला, जी ओळ लिहिली ती कागदावर उतरून ठेवतां येते व उद्यां दुसरा कारकून आला तरी त्यास तशीच वापरतां येते. दुसरा, क्रॉन नांवाच्या सोयीनें ती ओळ रोज रात्रीं ठरल्या वेळीं आपोआप चालवितां येते. तिसरा, एका साधनांतून निघालेली माहिती सरळ दुसऱ्या साधनांत सोडतां येते. चरकांतून निघालेला रस घागरींत न भरतां पन्हळीनें थेट काहिलींत सोडावा, तसें हें आहे. नक्कल काढणारें साधन माहिती ओतीत जातें, जीझिप नांवाचें साधन ती दाबून लहान करतें, व एसएसएच नांवाचें साधन ती दुसऱ्या गांवच्या संगणकाकडे पोंचवितें. मधें मोठी फाइल ठेवण्यास जागा लागत नाहीं. या जोडणीस पाइप म्हणतात.

पोस्टग्रेसक्यूएलसाठीं पीजी-डंप व मायएसक्यूएलसाठीं मायएसक्यूएल-डंप हीं नक्कल काढण्याचीं मुख्य साधनें होत. पीजी-डंप ज्या क्षणीं सुरू होतें त्या क्षणाची स्थिति धरून ठेवतें. त्यानंतर लोक कितीहि नोंदी करोत, नकलेंत त्या क्षणाचेंच दप्तर उतरतें, व नोंदी लिहिणाऱ्यांस थांबावेंहि लागत नाहीं. मायएसक्यूएल-डंपला मात्र हें सांगावें लागतें. त्याच्या आज्ञेंत सिंगल-ट्रॅन्झॅक्शन हा शब्द घातला पाहिजे. तोहि इनोडीबी या जातीच्या तक्त्यांनाच लागू पडतो, व नक्कल चालू असतां तक्त्यांची रचना कोणी बदलूं नये हें पथ्य पाळावें लागतें.

दप्तर मोठें असलें म्हणजे पीजी-डंपला डिरेक्टरी पद्धतीनें नक्कल काढावयास सांगावें. या पद्धतींत प्रत्येक तक्त्याची निराळी फाइल होते व चार-आठ तक्त्यांचें काम एकदम चालतें. ही सोय इ. स. २०१३ मधील ९.३ या आवृत्तीपासून झाली आहे. नक्कल परत चढविण्याचें काम पीजी-रिस्टोर हें साधन करतें, व तेंहि अनेक हातांनीं एकदम करतां येतें.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पीजी-डंप एका वेळीं एकाच डेटाबेसची नक्कल काढतें, व वापरणाऱ्यांचीं नांवें तींत येत नाहींत. त्यासाठीं पीजी-डंपऑल हें दुसरें साधन सामायिक माहितीपुरतें निराळें चालवावें लागतें. मायएसक्यूएलमध्येंहि व्याज आकारणीसारख्या कामांच्या ज्या तयार आज्ञा डेटाबेसमध्यें साठविलेल्या असतात, त्या मुद्दाम सांगितल्याशिवाय नकलेंत उतरत नाहींत. वाड्याची नक्कल केली आणि किल्ल्यांचा जुडगा विसरला, असें होऊं नये.

मोठ्या दप्तराची अडचण व फेरफारांचा उपाय

लहान संस्थेस वरील रीत पुरते. जिल्हा बँक, साखर कारखाना किंवा अनेक संस्थांचें एकत्र दप्तर यांस ती अपुरी पडते. हिशेब करून पाहूं. डेटाबेस ५०० गिगाबाइट आहे व डिस्क सेकंदास १०० मेगाबाइट वाचते असें धरल्यास, नुसत्या वाचनास ५,००० सेकंद, म्हणजे सुमारें १ तास २३ मिनिटें लागतील. तीच माहिती सेकंदास १०० मेगाबिट वाहणाऱ्या तारेनें परगांवीं पाठवावयाची, तर ८ बिटांचा एक बाइट या मानानें सेकंदास १२.५ मेगाबाइटच जातील, व ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून अधिक वेळ लागेल. माहिती दाबून पाठविली तर यांत बचत होते. परंतु परत चढवितांना बहुधा नक्कल काढण्याहून अधिक वेळ जातो. कारण डंपमध्यें तक्त्यांची सूचि, जिला इंडेक्स म्हणतात, ती तयार स्वरूपांत नसते. ती रचण्याची आज्ञा तेवढी असते, आणि प्रत्येक सूचि नव्यानें रचावी लागते.

शिवाय रात्रीं दोन वाजतां नक्कल घेतली व दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां डिस्क गेली, तर मधल्या पंधरा तासांच्या नोंदी गेल्याच. गळिताच्या हंगामांत पंधरा तासांत कांट्यावरून किती गाड्या जातात, हें उंस घालणारास सांगावयास नको.

या दोन्ही अडचणींवरील उपाय आपल्या महसुली दप्तराच्या परिचयाचा आहे. सातबारा ही जमिनीची आजची स्थिति. आणि गांव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही त्या स्थितींत झालेल्या बदलांची क्रमवार नोंद. एखाद्या सालचा सातबारा व त्यानंतरचे सर्व फेरफार क्रमानें हातीं असले, तर पुढील कोणत्याहि तारखेस जमीन कोणाच्या नांवें होती हें पुन्हां लिहून काढतां येतें. डेटाबेसमध्येंहि असेंच आहे. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक बदल तक्त्यांच्या फायलींत उतरविण्यापूर्वीं एका नोंदवहींत लिहितें. तिला वॉल म्हणतात, व तिचे भाग सामान्यतः १६ मेगाबाइटांचे असतात. पीजी-बेसबॅकअप या साधनानें आठवड्यांतून एकदां संपूर्ण डेटाबेसची मूळ नक्कल घ्यावी, व वॉलचा प्रत्येक भाग भरतांच तो दुसऱ्या ठिकाणीं जाईल अशी व्यवस्था करावी. काम मंद असतां भाग भरण्यास उशीर लागतो. म्हणून ठराविक मिनिटांनीं तो पाठविलाच पाहिजे असेंहि बंधन घालतां येतें.

मग अपघात झाल्यास मूळ नक्कल चढवावी व तिच्यावर एकेक फेरफार लागू करीत यावें. कोणी दुपारीं ३ वाजून १० मिनिटांनीं चुकून एखादा तक्ता पुसला असेल, तर ३ वाजून ९ मिनिटांपर्यंतचेच फेरफार लागू करून थांबतां येतें. नुसत्या रात्रीच्या नकलेनें हें साधत नाहीं. मायएसक्यूएलमध्यें हेंच काम बायनरी लॉग करतो. मात्र फेरफारांची सांखळी अखंड पाहिजे. मधला एक भाग हरवला तर त्यापुढील सर्व भाग निरुपयोगी होतात. इ. स. २०२४ मध्यें निघालेल्या पोस्टग्रेसक्यूएलच्या १७ व्या आवृत्तींत, मागील नकलेनंतर जेवढा भाग बदलला तेवढाच घेण्याची सोय पीजी-बेसबॅकअपमध्यें झाली आहे. तिनें मोठ्या दप्तराचा रोजचा बोजा हलका होतो.

न बोलणारा बिघाड

आतां या रीतींतील मुख्य धोका सांगतों. प्रत्येक आज्ञा संपतांना काम झालें कीं फसलें हें एका अंकानें कळविते. शून्य म्हणजे यश. परंतु पाइपनें जोडलेल्या आज्ञांत साधारणतः शेवटच्या आज्ञेचाच अंक धरला जातो. समजा, पासवर्ड बदलला व मायएसक्यूएल-डंपला डेटाबेसचें दारच उघडलें नाहीं. पुढच्या जीझिपकडे कांहींच आलें नाहीं. तें कांहींच नसणें त्यानें मुकाट्यानें दाबून ठेविलें, व आपलें काम यशस्वी झाल्याचें कळविलें. रोज रात्रीं तारीखवार फाइल तयार होते, पाहणारास नक्कल निघत आहे असें वाटतें, आणि ती फाइल असते अवघ्या २० बाइटांची! बॅश नांवाच्या आज्ञावाहकास पाइपफेल ही अट घातली म्हणजे मधली आज्ञा फसली तरी अपयश कळतें. ही अट घालणें व आजच्या फाइलीचा आकार कालच्याशीं ताडून पाहणें, हीं दोन पथ्यें पाळलींच पाहिजेत. मायएसक्यूएल-डंपचें काम पुरें झालें असेल तर फाइलीच्या शेवटीं तशी ओळ असते. पीजी-डंपच्या साध्या मजकुराच्या फाइलींतहि असते. जुन्या कागदांत जशी अखेरची सही आधीं पाहत, तशी ही ओळ पाहावी.

असा बिघाड मोठमोठ्यांसहि गांठतो. गिटलॅब ही संगणकाच्या आज्ञावली सांभाळून ठेवणारी प्रसिद्ध कंपनी. इ. स. २०१७ च्या ३१ जानेवारीस रात्रीं तेथील एका अभियंत्यास दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसच्या फायली पुसावयाच्या होत्या. ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक ध्यानांत येऊन आज्ञा थांबवीपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार गिगाबाइटच शिल्लक राहिले. मग नकलांचा शोध सुरू झाला. पीजी-डंपची नक्कल जेथें साठावयाची तें स्थान रिकामें निघालें. डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा व चालविलें जाणारें पीजी-डंप ९.२ या आवृत्तीचें. म्हणून तें साधन काम नाकारीत होतें. नाकारल्याचीं पत्रें ईमेलनें निघत. परंतु त्यांवर आवश्यक ती प्रमाणखूण नसल्यामुळें तीं वाटेंतच परतविलीं जात. सुदैवानें त्याच अभियंत्यानें सुमारें सहा तास आधीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें एक नक्कल घेतली होती. तिच्यावरून दुसऱ्या दिवशीं सेवा पूर्ववत् झाली. तरी मधल्या तासांतील नोंदी गेल्या, व सुमारें ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांस झळ लागली. हा सर्व वृत्तांत कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केला, हें तिला भूषणावह आहे. त्यावरून दिसून येतें कीं, नकलेच्या सोयी तेथें एक सोडून अनेक होत्या; परंतु नक्कल परत चढवून पाहण्याची जबाबदारी कोणावरहि सोपविलेली नव्हती.

नक्कल कोठें ठेवावी

मूळ व नक्कल एका छपराखालीं ठेवूं नये. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच कंपनीची सर्व्हर ठेवण्याची इमारत इ. स. २०२१ च्या १० मार्च रोजीं जळून खाक झाली. ज्या ग्राहकांच्या नकलाहि त्याच आवारांत होत्या, त्यांपैकीं कित्येकांचें मूळ व नक्कल दोन्ही गेलें. आपल्याकडेहि इ. स. २०१२ च्या २१ जून रोजीं मुंबईंत मंत्रालयास लागलेल्या आगींत अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. नदीकांठच्या गांवांस पुराचें भय निराळें सांगावयास नको.

यासाठीं जाणकारांत एक सोपा नियम रूढ आहे: मूळ धरून प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक तरी परगांवीं. परगांवीं पाठविण्यास इ. स. १९९६ मध्यें निघालेलें आरसिंक हें साधन उपयोगी पडतें. तें फक्त बदललेला भाग पाठवितें. यांत आणखी एक भर घालावीशी वाटते. संगणकांत शिरून सर्व फायलींस कुलूप लावणारे व ते उघडण्यासाठीं खंडणी मागणारे चोर हल्लीं फार झाले आहेत. जी नक्कल सतत संगणकास जोडलेली असते तिलाहि ते कुलूप लावतात. म्हणून एक नक्कल जोडणी काढून अलग ठेवावी. तसेंच परगांवीं जाणारी नक्कल जीपीजीसारख्या साधनानें गुप्त लिपींत करून पाठवावी, व तिची किल्ली संस्थेच्या तिजोरींत निराळी ठेवावी. किल्ली हरवली तर ती नक्कल आपणांसहि वाचतां येणार नाहीं.

रुजवात

महसुली कचेरींत नक्कल लिहून झाली म्हणजे काम संपत नसे. एकानें मूळ वाचावयाचें, दुसऱ्यानें नक्कल पाहावयाची, व अक्षर न् अक्षर जुळल्यावर रुजवात घेणारानें सही करावयाची. तेव्हांच ती खरी नक्कल म्हणून पक्षकाराच्या हातीं पडे. संगणकाच्या नकलेसहि हाच नियम लावला पाहिजे. ती येणेंप्रमाणें करावी.

महिन्यांतून एकदां, मूळ डेटाबेसशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा दुसऱ्या संगणकावर नक्कल चढवावी. चढविण्यास किती तास लागले तें लिहून ठेवावें. कारण अपघाताच्या दिवशीं संस्थेचें काम निदान तितके तास बंद राहणार आहे. नंतर प्रत्येक तक्त्यांतील ओळी मोजून त्या मूळच्या नक्कल घेतल्या वेळच्या संख्येशीं ताडाव्या. सर्व कर्जखात्यांच्या बाकीची बेरीज करून ती त्याच तारखेच्या तेरजेशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं कोणत्याहि दहा खातेदारांचीं पासबुकें मागवून त्यांतील बाकी नकलेशीं मिळवावी. हें सर्व एका वहींत तारखेसह लिहून, काम करणारा व तपासणारा अशा दोघांनीं सह्या कराव्या. हे दोघे निरनिराळे इसम असावेत.

पुष्कळ संस्थांचें दप्तर सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीकडे किंवा मध्यवर्ती सर्व्हरवर असतें. तेथें आपण स्वतः आज्ञा चालवूं शकत नाहीं. परंतु विचारूं शकतों. पुढील व्यवस्थापक समितीच्या सभेंत संचालकांनीं हे प्रश्न घालावेत: नक्कल किती वेळानें निघते? ती कोणत्या गांवीं असते? एखादी नक्कल संगणकापासून अलग ठेविली जाते काय? रात्रीं काम फसलें तर तें कोणास, कोणत्या मार्गानें कळतें, व तो मार्ग चालू आहे हें शेवटीं कधीं पाहिलें? नक्कल परत चढवून शेवटची रुजवात कोणत्या तारखेस घेतली, व तिला किती तास लागले? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें तोंडीं मिळाल्यास चालेल. पांचव्याचें उत्तर लेखी घ्यावें व इतिवृत्तांत नोंदवावें. त्यास तारीख नसेल, तर संस्थेजवळ नक्कल नाहीं असें समजून कामास लागावें.

जून महिन्यांत पीककर्जाची घाई सुरू होण्यापूर्वीं एक रुजवात पुरी करून घ्यावी, अशी सर्व संस्थांच्या संचालकांस व सभासदांस विनंती आहे. दरम्यान ज्या खातेदारांजवळ भरण्याच्या पावत्या आहेत, त्यांनीं त्या टाकून देऊं नयेत.